व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या पाणथळ गवतात फुलणारी पिवळी रानजास्वंद : ओळख आणि बियांविषयी

काठावरचा

नमस्कार. मी मूळचा मालवण तालुक्यातला असून नोकरीनिमित्त युगांडातील एन्टेबी येथे राहतो. येथे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला पपायरस या उंच पाणवनस्पतीचे दाट पट्टे आहेत आणि त्यांच्या मागे, जमिनीच्या बाजूला, उंच गवताची ओलसर पट्टी लागते. पाऊल टाकले की पाणी वर येते, पण होडी चालावी इतके पाणी तेथे नसते. या गवतात मला एक झुडूप वारंवार दिसते आणि त्याची खात्रीशीर ओळख मला हवी आहे.

झुडूप माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे उंच वाढते. खोडावर आणि पानांच्या देठांवर बारीक काटे आहेत, त्यामुळे फांदी हातात धरवत नाही. खालची पाने भेंडीच्या पानांसारखी उथळ विभागलेली आहेत, परंतु शेंड्याकडे जावे तशी ती लहान, अरुंद आणि जवळपास अखंड होत जातात. फुले फांदीच्या टोकाला एकामागून एक येतात आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच. पाकळ्या फिकट गंधकी पिवळ्या असून तळाशी गडद काळपट किरमिजी डाग आहे. सकाळी उमललेले फूल त्याच दिवशी मिटते. बोंडांवर राठ केस आहेत आणि ते बोटांत रुततात.

पहिल्या नजरेत मला अंबाडी वाटली, मग रानभेंडी वाटली. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही वनस्पती नेमकी कोणती? आणि आमच्या गावच्या शेतामागे पावसाळ्यात पाणी साचणारी एक पडीक जागा आहे, तेथे लावण्यासाठी याचे थोडे बी सोबत आणता येईल का?

पानवेध

आपण केलेले वर्णन चांगले आणि पुरेसे तपशीलवार आहे, त्यामुळे छायाचित्राशिवायही बरेच पुढे जाता येते. माझ्या मते ही हिबिस्कस डायव्हर्सिफोलियस, म्हणजे जास्वंदीच्याच हिबिस्कस प्रजातीतली एक रानजात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिन यांनी तिला हे नाव दिले. उष्णकटिबंधीय आणि दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आणि पॅसिफिकमधील अनेक बेटे एवढा तिचा विस्तार आहे आणि जवळपास सर्वत्र ती दलदलीत, तळ्यांच्या काठी किंवा संथ ओढ्यांच्या कडेला आढळते. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून ओळख कशी पटवायची हे सविस्तर लिहितो, कारण पिवळ्या पाकळ्या आणि गडद पोट ही खूण भेंडी व जास्वंदीच्या कुळात इतक्या जातींमध्ये आढळते की केवळ फुलाच्या रंगावरून निर्णय करणे शक्यच नाही.

पहिली तपासणी भेंडीच्या गटाची करावी. भेंडी, रानभेंडी, कस्तुरभेंडी या सर्वांमध्ये फूल उमलताना संवर्त, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचे हिरवे आवरण, एका बाजूने उभे फाटते आणि पाकळ्यांबरोबरच गळून पडते; म्हणून भेंडीच्या कोवळ्या फळाला बुडाशी हे आवरण राहिलेले दिसत नाही. जास्वंदीच्या गटात मात्र हे आवरण पाच पाळ्यांचे असते आणि बोंड पिकेपर्यंत त्याला वेढून टिकते. आपण बोंडाच्या केसांविषयी लिहिले आहे, पण या आवरणाविषयी लिहिलेले नाही. वाळलेल्या बोंडाभोवती ते टिकून असेल, तर रानभेंडीचा विचार तेथेच संपतो.

दुसरा प्रश्न अंबाडीचा. आपल्याला अंबाडी वाटली यात नवल नाही, कारण अंबाडी आणि ही वनस्पती एकाच प्रजातीच्या फुर्केरिया नावाच्या विभागात मोडतात. काटेरी खोड, संवर्ताच्या ठळक उभ्या शिरा आणि राठ केस हे या विभागाचे एकत्रित लक्षण आहे. फरक पानांच्या क्रमात पाहावा. अंबाडीच्या झाडावर तळाची पाने साधी व अखंड असतात आणि वर जावे तशी ती बोटांसारखी खोल विभागत जातात. आपण वर्णन केलेल्या झुडपात हा क्रम नेमका उलटा आहे. शिवाय अंबाडीच्या संवर्ताच्या पाळ्या लांब निमुळत्या असतात, त्यांवर पांढरी लव असते आणि प्रत्येक पाळीच्या मध्यशिरेवर एक ठळक मधुग्रंथी दिसते. अंबाडी हे एका हंगामात संपणारे झाड आहे. आपले झुडूप बहुवर्षायू असावे, आणि तसे असेल तर जुन्या खोडाचा बुंधा लाकडासारखा कठीण झालेला आढळेल.

तिसरी शक्यता हिबिस्कस सुरात्तेन्सिसची. ही जात आफ्रिकेतही आहे आणि कोकण-गोव्यातही आहे, म्हणून ती वेगळी करणे महत्त्वाचे. तिचे फूलही पिवळे आणि गडद पोटाचे असते, परंतु ती सरळ उभी राहत नाही. मागे वळलेल्या काट्यांच्या आधाराने ती कुंपणावर आणि झुडपांवर पसरते. तिच्या पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या आकाराची रुंद उपपर्णे, म्हणजे पानासारखी छोटी अंगे असतात. सर्वांत खात्रीची खूण संवर्ताच्या बाहेर असलेल्या अरुंद हिरव्या पट्ट्यांच्या वलयात, म्हणजे अपिसंवर्तात सापडते : सुरात्तेन्सिसमध्ये या प्रत्येक पट्टीला टोकाजवळ एक पानासारखा फाटा फुटलेला असतो, तर डायव्हर्सिफोलियसमध्ये पट्ट्या साध्या, अरुंद आणि बिनफाट्याच्या असतात. कृपया एक फूल हातात घेऊन, शक्य असल्यास भिंगाखाली, हे वलय पाहावे आणि काय दिसते ते येथे कळवावे.

बियांविषयी माझे मत आहे, पण या विषयात माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारे सदस्य येथे आहेत.

ब्रिस्बेनवासी

पानवेध यांच्या निदानाशी मी सहमत आहे, कारण ही वनस्पती माझ्या ओळखीची आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या दलदलीत ती स्थानिक म्हणून गणली जाते आणि देशी झाडे विकणाऱ्या रोपवाटिकांमध्ये तिची रोपे मिळतात. ओढ्यांचे काठ पुन्हा देशी झाडांनी भरून काढण्याची कामे येथे नियमित चालतात आणि त्यांत तिचा उपयोग होतो. काटे आणि राठ केस यांमुळे जाड हातमोज्यांशिवाय तिच्यात काम करता येत नाही. केस कातडीत शिरले की बराच वेळ चुरचुरतात. तिचे मूळ ओलाव्यात राहिले पाहिजे, मात्र डोक्यावर पूर्ण ऊन लागते. झाडांच्या सावलीत ती काटकुळी होते आणि फुले कमी येतात. म्हणून दाट वृक्षांच्या दलदलीपेक्षा मोकळी गवताळ दलदल हेच तिचे खरे ठिकाण, आणि एन्टेबीचे वर्णन त्याच्याशी पूर्ण जुळते.

एक वेगळी माहिती येथे नोंदवावीशी वाटते. हीच जात न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडे नैसर्गिकरीत्या वाढते, परंतु तेथे तिची इतकी थोडी झाडे उरली आहेत की त्या देशाच्या यादीत तिचा समावेश अत्यंत गंभीर धोक्यातील वनस्पतींमध्ये केला आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठी जी सहज दिसते ती दुसऱ्या देशात मोजक्या झाडांपुरती उरली आहे, याचा विचार करताना मला असे वाटते की एखादी जात ‘सर्वत्र आढळते’ असे म्हणून आपण तिच्याविषयी निश्चिंत होतो ते योग्य नाही. तिचा अधिवास प्रत्येक ठिकाणी वेगळा मोजावा लागतो, आणि मोकळी पाणथळ गवताळ जमीन ही भराव टाकायला सर्वांत सोयीची जमीन असल्यामुळे ती सगळीकडेच आधी जाते.

वऱ्हाडवाट

मी अमरावतीचा आहे आणि अंबाडीविषयी मला आस्था आहे, म्हणून एक शंका आणि एक मत मांडतो.

आमच्याकडे अंबाडीची पाने ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून भाजी करतात, लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी आणि सरबत होते, आणि पूर्वी तिच्या सालीचा वाख काढून घरोघरी दोर वळले जात. ही अंबाडीदेखील मूळची आफ्रिकेची आहे असे वाचनात आहे. आफ्रिकेतून आलेले एक झाड आपल्या शेतात, ताटात आणि दोरखंडात इतके सामावले असेल, तर त्याच्याच भाऊबंदांपैकी एकाचे चार दाणे कोकणातल्या पडीक जागेत लावल्याने काय बिघडेल? शंका म्हणाल तर ही, की या रानजातीचा अंबाडीच्या सुधारणेसाठी काही उपयोग होऊ शकतो का?

सडावाट

वऱ्हाडवाट यांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील सडे, म्हणजे जांभ्या खडकाची सपाट पठारे, आणि त्यांवरील पाणथळींच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी कायद्याची बाजू, कारण ती स्पष्ट आहे. भारतात परदेशातून बी किंवा रोप आणणे हे १९१४ च्या विध्वंसक कीटक व उपद्रवी जीव अधिनियमाखाली काढलेल्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने नियंत्रित केलेले आहे. आयात परवाना आणि ज्या देशातून बी येते त्या देशाच्या अधिकाऱ्यांचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र या दोन्हींशिवाय बी आणता येत नाही, आणि सामानातील लहान पुडीलाही हाच नियम लागू होतो. या नियमामागे केवळ झाडाची भीती नाही. बियांच्या सालीवर बुरशी येते, आत किडीची अंडी येतात, चिकटलेल्या मातीतून सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी येतात. आणि भेंडी, कापूस, अंबाडी ही आपली तीन पिके याच कुळातली असल्यामुळे या कुळातील एखाद्या रानझाडावरचा रोग आपल्याकडे पोचला तर त्याला यजमान शोधत फिरावे लागणार नाही.

आता अंबाडीशी तुलना. अंबाडी शेतकरी पेरतो, काढतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरतो. तिचे आयुष्य एका हंगामाचे आणि माणसाच्या हातातले आहे. येथे विचारात असलेले झुडूप बहुवर्षायू आहे, काटेरी असल्यामुळे गुरे त्याला सहसा तोंड लावणार नाहीत, आणि ते जेथे लावायचे आहे तेथे कोणी कोयता घेऊन जात नाही. ते आपल्याकडे उपद्रवी ठरेलच असा माझा दावा नाही. पण ठरले, तर त्याला परत काढणे जवळजवळ अशक्य असेल, आणि ही जोखीम ज्याने उचलली त्याच्या बांधापुरती ती थांबणार नाही, कारण पावसाळ्यात एका पाणथळीचे पाणी दुसरीत जाते.

आपण ज्या सरोवराच्या काठी राहता त्याचाच इतिहास पाहावा. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेली गेलेली जलपर्णी १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया सरोवरात दिसू लागली आणि काही वर्षांतच तिने खाड्या व बंदरे भरून टाकली. मच्छीमारांना होड्या बाहेर काढणे अवघड झाले. पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यास तिच्यावर जगणारे नियोकेटिना प्रजातीचे भुंगेरे सोडावे लागले, तेव्हा तिचा जोर कमी झाला. तीच जलपर्णी पुण्याच्या मुळा-मुठेत आणि इंद्रायणीत दरवर्षी लाखो रुपये खर्चून काढली जाते. तिला आणणाऱ्यांनाही ते फक्त एक सुंदर फूल वाटले होते.

यापुढचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. एन्टेबीजवळ पावसाचे दोन हंगाम असतात, मार्च ते मे आणि साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, आणि सरोवराच्या आधारामुळे काठची जमीन वर्षभर ओली राहते. मालवणच्या पडीक जागेत चार महिने पाणी आणि नंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीला भेगा, अशी स्थिती असणार. ज्या जागेला आपण ‘पडीक’ म्हणत आहात ती या चक्राशी जुळवून घेतलेल्या वनस्पतींनी आधीच भरलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुडघ्यावर बसून पाहिले तर गेंदाचे पांढरे तुरे, सीतेच्या आसवांची जांभळी फुले, कीटक धरणारा दवबिंदू हे सारे तेथे मिळू शकते. साताऱ्याकडच्या पठारांवर वायतुरा मिळतो, जो सह्याद्रीबाहेर जगात कोठेही नाही. यांपैकी बहुतेक झाडे वितीपेक्षाही बुटकी आहेत. दोन मीटर उंचीचे झुडूप त्यांच्यात उभे केले तर सावली कोणावर पडेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पिवळे फूल आणि गडद पोट हवेच असेल, तर तेही आपल्याकडे आहे. पानवेध यांनी सांगितलेली हिबिस्कस सुरात्तेन्सिस कोकणात आणि गोव्यात कुंपणांवर वाढते. १७५३ मध्ये लिनियसने तिला नाव देताना ते आपल्या सुरतेवरून घेतले. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्याच्या अखेरीस रानभेंडीची मोठी पिवळी फुले येतात. आणि शेतामागची जागा खाडीच्या जवळ असेल तर बेलपाटा आहे, ज्याचे फूल सकाळी पिवळे असते आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होते. जवळच्याच झाडाचे बी घेऊन ही रोपे करता येतात आणि कोणाचीही परवानगी लागत नाही.

पानवेध

सडावाट यांनी बियांविषयी जे लिहिले आहे त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही. वऱ्हाडवाट यांच्या शंकेचे उत्तर देतो.

फुर्केरिया विभागातील जातींमध्ये गुणसूत्रांचे संच पुन्हा पुन्हा एकत्र येत गेले आहेत. आपल्या अंबाडीत म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनसमध्ये ३६ गुणसूत्रे आहेत, लाल अंबाडीत ७२ आहेत आणि डायव्हर्सिफोलियसमध्ये १४४. याचा अर्थ असा की ही रानजात अष्टगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे आठ संच असलेली आहे. अनेक पूर्वज जातींचे संच तिच्यात संकरातून जमा झाले आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेतील मार्गारेट मेंझेल आणि डग्लस विल्सन यांनी या विभागातील जातींचे आपसात संकर घडवून, गुणसूत्रे एकमेकांशी कशी जोडी लावतात ते पाहून कोणाचे नाते कोणाशी आहे हे उलगडण्याचे दीर्घ काम केले. त्यांच्या कामामागे व्यावहारिक कारणही होते, कारण अंबाडीला मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा मोठा त्रास होतो आणि तिच्या रान नातेवाइकांमध्ये प्रतिकारशक्ती शोधण्याचा प्रयत्न चालू होता.

परंतु ३६ गुणसूत्रांच्या झाडाचा १४४ गुणसूत्रांच्या झाडाशी संकर झाला तरी संततीत संचांचा मेळ बसत नाही आणि ती बहुधा वांझ निघते. असा संकर उपयोगात आणायचा तर प्रयोगशाळेत पुढच्या अनेक पिढ्या काम करावे लागते. ते काम बियाणे बँका आणि संशोधन संस्था रीतसर परवान्याने करतात. शेताच्या बांधावर झाड लावून अंबाडी सुधारणार नाही.

फुलाच्या पोटातील गडद डागाविषयी थोडे लिहितो, कारण या चर्चेत आलेल्या जवळपास सर्व जातींत तो आहे. तो अँथोसायनिन रंगद्रव्याचा असतो आणि मधमाश्या व भुंगे यांना फुलाचा मध्य दाखवतो. केंब्रिजमधील संशोधकांनी हिबिस्कस ट्रायोनम या दुसऱ्या जातीवर प्रयोग केले, तेव्हा भुंग्यांनी लहान डागापेक्षा मोठ्या डागाच्या कृत्रिम चकत्या अधिक पसंत केल्या. एकाच दिवसाचे आयुष्य असलेल्या फुलाला परागवाहक लवकर येणे किती गरजेचे आहे हे लक्षात घेतले, की इतक्या जातींनी हाच नमुना का राखला असेल याचा अंदाज येतो.

काठावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे आज सकाळी पाहून आलो. वाळलेल्या बोंडांभोवती पाच पाळ्यांचे हिरवे आवरण वाळून तसेच टिकलेले आहे. बाहेरच्या वलयात आठ पट्ट्या मोजल्या. सर्व अरुंद, साध्या, एकीलाही फाटा नाही. उपपर्णे अगदी बारीक असून कानाच्या आकाराची नाहीत. झुडूप स्वतःच्या आधाराने उभे आहे आणि जुन्या खोडांचा बुंधा कठीण लाकडी झालेला आहे.

बी आणणार नाही. गावी भावाला सांगितले आहे की या पावसाळ्यात त्या जागेवर माती टाकू नये आणि सप्टेंबरमध्ये छायाचित्रे काढून पाठवावीत. ती येथे सडावाट यांच्यासाठी टाकेन.

आणखी एक विचारतो. ज्या पट्टीत ही झाडे आहेत तिच्या एका टोकाला मुरूम टाकण्याचे काम सुरू झालेले दिसते. थोड्या अंतरावरची माबांबा पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत असल्यामुळे शूबिल पक्षी पाहायला पर्यटक तिकडे जातात आणि तिच्याकडे लक्ष राहते, पण ही पट्टी त्या हद्दीत नाही. येथील झाडांची नोंद कोठेतरी राहावी असे वाटते. ती कशी करावी?

पानवेध

आता ओळखीविषयी शंका उरली नाही. ही हिबिस्कस डायव्हर्सिफोलियसच आहे.

नोंदीसाठी पूर्ण झुडूप, तळाचे पान, शेंड्याचे पान, समोरून फूल, बाजूने फूल ज्यात बाहेरचे वलय स्पष्ट दिसेल, आणि बोंड अशी छायाचित्रे एकाच झाडाची घ्यावीत आणि स्थान व तारखेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावीत. मात्र मुरुमाचे काम पाहता छायाचित्रांवर थांबू नये. कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठात वनस्पतिसंग्रहालय आहे. त्यांना आधी पत्र लिहून विचारावे, आणि त्यांनी संमती दिली तर त्यांच्याच माणसाबरोबर नमुना घ्यावा, म्हणजे परवानगीचा प्रश्न राहत नाही आणि नमुना त्याच देशात राहतो.

नमुना दाबताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. या कुळातील पाकळ्या चिकट असल्याने कागदाला धरून बसतात आणि सोडवताना फाटतात, म्हणून एक फूल उघडून वेगळ्या पातळ कागदात दाबावे. वाळल्यावर पाकळीचा पिवळा रंग उतरतो आणि डागाचा रंगही बदलतो, म्हणून दोन्ही रंग, झुडपाची उंची, पायाखाली पाणी किती होते आणि सोबत कोणते गवत होते हे तेथे उभे असतानाच वहीत लिहावे. भराव कोणत्या बाजूने आणि किती आत आला आहे हेही त्याच नोंदीत लिहावे. नमुन्याच्या चिठ्ठीवर अधिवासाच्या स्थितीसाठी जागा असते.

सडावाट

गावच्या छायाचित्रांची वाट पाहतो. भावाला सांगावे की सप्टेंबरपर्यंत न थांबता जुलैच्या अखेरीस एकदा आणि नंतर दर पंधरा दिवसांनी पाहावे, कारण सड्यावरची आणि पाणथळीतली झाडे ठरावीक क्रमाने फुलतात आणि एकाच भेटीत निम्मी सुटतात. छायाचित्रात मापासाठी एखादे नाणे ठेवले तर लहान जाती ओळखणे सोपे जाईल.